डाव्या करंगळीची खूण

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवायच्या आधी माझा कान धरला होता. शिक्षा म्हणून नव्हे हो, ताप बघायला. मी एसटीतून उतरून, ट्रंक ओढत, भर उन्हातून चालत आलेली. तोंड लालबुंद झालेलं. आबांनी माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, क्षणभर डोळे मिटले आणि निदान सांगितलं, "ताप न्हाय. पाणी कमी पडलंय. आन् डावा पाय जपून टाकताय, चप्पल चावतीय. खोली वर हाय."

मी तेवीस वर्षांची, फलटणकडची, बारामतीजवळ कन्हेरीच्या अंगाला एका वस्तीवरच्या शाळेत नुकती लागलेली बाई. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, तो अजूनही तिथंच आहे. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्यांचेच कान धरता का?"

"दोन पायांच्याचा पयल्यांदाच धरला," आबा म्हणाले आणि ट्रंक उचलून जिना चढायला लागले.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांची सारी नोकरी गेली. हुद्दा व्रणोपचारक. डॉक्टर औषध लिहून देणार आणि बैलाला पाडून, धरून, जखम धुऊन पट्टी बांधणार ते आबा. घराणं मेंढरंवाल्या धनगरांचं. वडील कळप घेऊन पावसाळा सरला की कोकणात उतरायचे आणि ढोलावर ओव्या म्हणायचे. आबांनी कळप सोडला, पण वडिलांचा गळा आणि जनावरावरचा हात, दोन्ही त्यांच्याकडे आले होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी लोक दारात शेळी घेऊन उभे असायचेच. आबा आधी शेळीची विचारपूस करायचे, मग मालकाची. मालक घाईनं आजार सांगायला लागला की दरडावायचे, "तू गप. आधी हात लावून बघू दे, मग बोल."

या माणसाला कार्टूनचं वेड लागलं यावर माझा आधी विश्वासच बसला नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. केबलची काळी तार नुकती वस्तीपर्यंत आली होती. रोज संध्याकाळी साडेपाचला एका चॅनलवर इंग्रजीतली एक मालिका लागायची. कुठल्याशा परदेशी शहरात कसलंसं रसायन सांडतं, त्यात चार प्राणी भिजतात: एक मेंढा, एक घोरपड, एक साळू आणि एक बगळा. ते माणसाएवढे होतात, दोन पायांवर चालतात, बोलतात, कमरेला पट्टे बांधतात आणि चोरदरोडेखोरांना धरून चोपतात. काळा चष्मा घातलेला एक टकलू त्यांचा वैरी. रोज हरायचा आणि रोज पळून जायचा.

आबा हे सगळं खुर्ची टीव्हीला चिकटवून बघायचे आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा. गुंडांच्या भीतीनं नव्हे, चुकांपायी. "आरं, शिंगं काय शोभेला दिलीत का? मेंढा कधी बुक्क्या मारतो व्हय? दोन पावलं मागं सर, मान खाली घाल आन् दे टक्कर!" पडद्यावरच्या बगळ्याचा गुडघा माणसासारखा पुढं वाकतो म्हणून एकदा ते जेवले नाहीत. साळू पाठीवरचे काटे भाल्यासारखे फेकतो, हे मात्र त्यांना अगदीच सहन होईना. मला खाली बोलावून पोस्टकार्ड पुढं ठेवलं. "ल्ह्या बाई. साळू काटं फेकत न्हाय. काटं गळत्यात. पोरं बघत्यात, त्यांस्नी खोटं दावू नगा." मी लिहिलं. चॅनलचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता, म्हणून 'टीव्ही केंद्र, मुंबई' असं घालून पत्र टाकलं. उत्तर कुठलं यायला! आबा महिनाभर पोस्टमनला अडवत होते.

ती मालिका पोरांपर्यंत गेली ती दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या आल्यावर. शाळेमागच्या मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. माणसं बीडकडची. आईबाप अंधार असतानाच उसात जायचे आणि पोरं कोप्यांवर. मोठ्या पोरी धाकट्यांना सांभाळायच्या, मोठे पोरगे वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे. मी आठवडाभर कोपी न् कोपी फिरले, "पोरांना शाळेत पाठवा" म्हणून घसा कोरडा केला. चार पोरं आली. त्यातली दोन दुपारी पळाली. मी संध्याकाळी पायरीवर बसून रडले, हे कबूल करायला आता लाज नाही.

आबांनी पाहिलं. "किती पायजेत?" एवढंच विचारलं. जणू मी अंडी मागत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्ही खोलीतून ओट्यावर आणला. इंग्रजी कुणाला कळणार? आबांनी आवाज बंद केला, टीव्हीशेजारी उभे राहिले आणि वडिलांच्या गळ्यानं गोष्ट सांगायला सुरुवात केली. मेंढा कन्हेरीचा झाला. घोरपड सोमेश्वरची, साळू इंदापूरचा, बगळा उजनीच्या पाण्यावरचा. काय सांगू तुम्हाला, पडद्यावर कुणी ओठ हलवायचा अवकाश, आबांच्या तोंडून त्याचं बोलणं बाहेर! मध्येच हाळी द्यायचे, मध्येच मांडीवर ठेका धरायचे. मेंढा बुक्की मारायला लागला की सरळ सांगायचे, "ही बुक्की चित्रं काडणाऱ्याची चूक हाय. आपल्या मेंढ्यानं टक्करच दिली." पोरं मान डोलवायची आणि टक्करच बघायची.

पण ओट्यावर चढायला एक अट होती. दिवसभर शाळेत बसायचं. सुटीच्या घंटेला आबा शाळेच्या दारात जांभळ्या औषधाची बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस घेऊन उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या डाव्या करंगळीवर एक ठिपका द्यायचे. मेंढरांना लस टोचली की त्यांच्या कपाळावर जी खूण करतात, तीच. खूण दिसली तर ओटा, नाही तर घरी.

मी तडकले. "आबा, पोरं काय मेंढरं आहेत?"

"मेंढरं आसती तर खुणेची गरज पडली नसती. न आलेलं मेंढरू 'आलो' म्हनत न्हाय."

खरंच, दोन दिवसांत शाईपेनाच्या ठिपक्यांची टोळी निघाली. आबांनी करंगळ्या हुंगून एकेकाला परत पाठवलं. पोरींची अडचण वेगळी होती. कडेवरचं भावंड कुठं ठेवायचं? आबा म्हणाले, "त्येला बी घेऊन या. ते बी दिसभर शाळंतच बसतंय की. त्येची बी खूण." मग माझ्या वर्गात टोळ्यांची पहिलीपासून चौथीपर्यंतची पोरं आणि मधल्या जागेत रांगणारं, रडणारं, झोपलेलं सगळं बाळगोपाळ! पण पट एकोणचाळीसवर गेला. आता तुम्हीच सांगा, मी कुठल्या तोंडानं भांडणार होते?

एकदा पोरांनी आबांची बाटली पळवली, एका बेडकाला त्यात बुचकळलं आणि तो बोलेल म्हणून त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली. आबांनी जांभळा बेडूक उचलला, हौदावर धुतला, ओल्या मातीत सोडला. "ह्या औषधानं जखम बरी हुती. अक्कल येत न्हाय. यायची आसती तर मी रोज प्यालो आसतो," म्हणाले.

त्या गर्दीत अडीच वर्षांची चिमी होती. थोरली बहीण तिसरीत, ही तिच्या कडेवर. चिमीला मेंढ्याची भयंकर भीती. मेंढा पडद्यावर आला की ती उठून आबांच्या धोतरात तोंड खुपसायची आणि आबा एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं लढाई चालवायचे. मेंढा गेला की तिला सांगायचे, "गेला गं, चरायला गेला." तेव्हा ती एक डोळा उघडायची.

टकलू वैऱ्याला आबांनी मुकादम करून टाकलं होतं. भल्या पहाटे माणसांना उठवून उसात ढकलणारा मुकादम! पोरं खिदळायची. ही बातमी खऱ्या मुकादमाच्या कानावर गेली नसती तरच नवल. गडी अंगानं आडवा, डोक्यानं गुळगुळीत, वर काळा चष्मा. एका संध्याकाळी जीप दारात थांबवून तणतणत आला. आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "बसा मुकादम. आज तुमचीच बारी हाय." मुकादम उभा राहिला, मग टेकला, मग मांडी घालून बसला. कार्टून संपल्यावर घुश्शात म्हणाला, "शेवटी मला कशापायी मारलं ओ?"

"मारलं न्हाय, पळवलंय. उद्या लागताय की मला."

तिसऱ्या दिवशी मुकादम परत आला आणि मागच्या रांगेत बसला. माझं हसू आवरेना, मला उठून आत जावं लागलं.

असा हंगाम चालला. आणि मग ते झालं.

पट्टा पडायला आला होता, म्हणजे ऊस संपून टोळ्या गावाकडे निघायच्या बेतात होत्या. त्या रविवारी पोलिओचे डोस होते. शाळेतच बूथ होता. पण टोळ्यांना रविवार कसला? माणसं उसात आणि शाळा बंद म्हणून पोरंही त्यांच्यामागं उसाच्या फडात. राहिलेल्या लेकरांसाठी सोमवारी सकाळी, शाळा भरायच्या आधी, आरोग्य केंद्राची माणसं घरोघर फिरून गेली; ऊस संपत आल्यानं बाया त्या दिवशी कोप्यांवरच होत्या. मी एका नातलगाच्या लग्नाला फलटणला होते, ती सोमवारी दुपारी परतले.

मंगळवारी दुपारच्या सुटीत केंद्राच्या सिस्टर आबांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकल्या. चांगली कष्टाळू पोरगी, माझ्याच वयाची. कौतुकानं म्हणाली, "आबा, तुमच्या कोप्यांनी आमचं काम हलकं केलं बघा. आम्ही म्हटलं, इथं निम्मी पोरं राहिली असणार. पण सगळ्या बारक्यांच्या करंगळ्या रंगलेल्या! बायकांना विचारलं, तर म्हणाल्या, आबांनी केलंय. म्हटलं, आबांनी बूथवर मदत केलेली दिसतेय. पुढं गेलो."

आबांच्या हातात तांब्या होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

पोलिओचा डोस दिला की डाव्या करंगळीला जांभळी शाई लावायचे. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना. आमच्या ओट्यावर कडेवरून येणारी सगळी लेकरं त्यातलीच. शनिवारी शाळा सुटताना आबांनी त्यांच्या करंगळ्या रंगवल्या होत्या आणि ते औषध चार-चार दिवस निघत नसे. आयांना वाटलं, जनावरांचे डॉक्टर रोज खूण करतात म्हणजे ते काहीतरी औषधच असणार. सिस्टरांना वाटलं, डोस झाला. एकाही लेकराच्या तोंडात थेंब पडला नव्हता.

आबा मोठमोठ्यानं ओरडतील असं मला वाटलं. ते अगदी हळू बोलले. "माझी खूण खोटी पडली."

"आबा, तुम्ही मुद्दाम थोडीच..." मी म्हटलं.

"गप ऱ्हावा बाई. छत्तीस वर्षं खूण केली. कुठल्या बी बाजारात माझी खूण बघितली की मानूस म्हनायचा, ह्या मेंढराला लस हाय. डोळं झाकून घ्यायचा. एक खूण फुकाट न्हाय केली कधी. आन् आता लेकरांच्या हातावर..." त्यांनी पायात वहाणा घातल्या. "टोळ्या कवा निघणार?"

उद्या सकाळी. मी वर्ग दुसऱ्या शिक्षकांवर सोपवला आणि आम्ही तिघं केंद्रावर गेलो.

तिथले डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. पण अहवाल वर गेला होता. "आबा, आपल्याकडे शंभर टक्के झालंय. आता मी काय सांगू वर? आणि पुढच्या फेरीत मिळेलच की त्यांना."

"पुढच्या फेरीला ती लेकरं कुठं आसतील, तुमाला ठावं हाय? मला न्हाय. गावात आसतील, वाटंत आसतील, दुसऱ्या कुणाच्या फडात आसतील. शंभर कागदावर हाय डॉक्टर. तोंडात न्हाय."

"पण चूक आमच्या माणसांची नाही..."

"न्हायच. माझी हाय. कागद द्या." त्यांनी मला लिहायला बसवलं. मी खाली सही करणार अमुक तमुक, शाळेच्या हजेरीसाठी लेकरांच्या डाव्या करंगळीस जांभळे औषध लावत होतो, त्यामुळे त्यांना डोस मिळाल्याचा समज झाला, याचा दोष सर्वस्वी माझा. मी मध्ये 'अनवधानाने' घातलं, तर म्हणाले, "खोडा त्ये. त्येनं दोष हालका हुतो." सही करून कागद डॉक्टरांच्या हातात दिला आणि बाकावर बसले. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. टेबलावरची पेन्सिल चारदा इकडून तिकडे ठेवली. "बसून काय होणार आबा?" म्हणाले. आबा म्हणाले, "बसल्यावर कळंल." शेवटी डॉक्टरांनीच हसून हात टेकले. "उद्या सकाळी सहाला डोसांचा बर्फाचा डबा भरून ठेवतो. सिस्टर येतील. परत दिलेल्या डोसानं काही अपाय नाही, तेव्हा कुणालाही सोडू नका."

सकाळी कोप्या मोडून पडल्या होत्या. दोन ट्रक उभे, भांडी चढत होती. आबा मधोमध उभे राहिले आणि ज्या आवाजात मेंढ्याची लढाई सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "बायांनो, ऐका. तुमच्या लेकरांच्या बोटावरची खूण माझी हाय. ती औषधाची न्हाय. ती टीव्ही बघायची हाय. मी तुमाला फसवलं न्हाय, पर तुमी फसला. आता सिस्टर खरं औषध देत्यात. एकेकीनं लेकरू घेऊन या."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "आवं आबा, मग रोज बोटं कशाला रंगवली?" दुसरी म्हणाली, "ती बाई कालपरवा आली तवा म्हनली झालंय. आज म्हनतीय न्हाय झालं. कोन खरं?" चूल विझवत बसलेल्या एका म्हातारीनं तर आबांना असं फैलावर घेतलं, की मला मध्ये पडावंसं वाटलं. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. तिचं संपल्यावर म्हणाले, "व्हय आज्जी. चुकलं. आता नातू द्या." म्हातारीनं नातू दिला. मग बाकीच्या आल्या. सिस्टर थेंब टाकत होत्या, आबा लेकरांची हनुवटी धरत होते, मी शाळेत येणाऱ्या बारक्यांच्या यादीत नावांपुढं खुणा करत होते.

यादी संपली तेव्हा तिघांच्या नावापुढं जागा मोकळी होती. दोन घरं पहाटे चारलाच पहिल्या ट्रकनं गेली होती. त्यात चिमी होती.

"किती वाजता म्हनला? चारला?" आबांनी सूर्याकडे पाहिलं. "गाडी भरलेली हाय, टायर जुनं. चहाला थांबल. इंदापूरच्या म्होरं गेली नसंल."

"आबा, तुम्ही पायी जाणार का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. भीतीनं चढला होता.

तेवढ्यात मुकादमानं जीपचं दार उघडलं. चष्मा काढून पुसत म्हणाला, "बसा. माझाच ड्रायव्हर हाय त्या ट्रकवर. कुठं थांबतो, ते मला ठाऊक हाय."

बारामती मागं पडलं, ऊस मागं पडला, उघडी रानं लागली. आबा पुढं बसले होते, बर्फाचा डबा मांडीवर; सिस्टर आणि मी मागं. खड्डा आला की ते डबा छातीशी धरायचे. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला तोच वाटायचा आणि तो उलट्या दिशेनं जातोय हे कळायला वेळ लागायचा. इंदापूरच्या अलीकडे मुकादम पुटपुटला, "हितं न्हाय थांबला." आबांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्होरं."

इंदापूर ओलांडून, सोलापूरच्या रस्त्याला लागून थोडं पुढं, एका चहाच्या टपरीपाशी तो ट्रक उभा होता. फुटलेलं टायर नुकतंच बदलून झालं होतं आणि ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. मुकादमाला बघून त्याची बशी लवंडली.

पहिली दोन लेकरं लगेच खाली आली. चिमी वर झोपली होती, गाठोड्यांच्या मधे, बहिणीच्या मांडीवर. आबा साठीच्या पुढचे. पण चाकावर पाय देऊन चढले. मागोमाग सिस्टर. मी ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून उभी राहिले.

आईनं विचारलं, "काय झालं ओ आबा?"

आबांनी तिलाही सगळं सांगितलं. पहिल्या शब्दापासून. खूण माझी, खोटी, औषध मिळालंच नाही. एक अक्षर गाळलं नाही. आईनं मग चिमीचं तोंड स्वतःच उघडलं. दोन थेंब पडले. चिमीनं झोपेतच तोंड वाकडं केलं, जीभ फिरवली आणि गिळलं.

सिस्टरांनी शाईची बाटली काढली. चिमीची डावी करंगळी शनिवारच्या रंगानं अजून फिकट जांभळी होती. सिस्टर अडखळल्या. "याच्यावर कळणार नाही आबा. उजव्या हाताला करू का?"

"न्हाय," आबा म्हणाले. त्यांनी ती एवढीशी करंगळी दोन बोटांत धरून पुढं केली. "हितंच करा. त्याच ठिपक्यावर."

सिस्टरांनी शाई लावली. आबांनी फुंकर घालून ती वाळवली, पुरती वाळेपर्यंत करंगळी सोडली नाही.

"आता खरी झाली," ते म्हणाले आणि तिथंच गाठोड्यावर बसून ढसाढसा रडले.